सांताक्रूझची व्हिजिटर्स गॅलरी: नुसती विमानं बघायला कोण कोण जायचं?

खिडकीवाला (धागाकर्ता)

आमच्या ऑफिसातल्या पोरांना परवा सांगितलं की सांताक्रूझ विमानतळाला एकेकाळी गच्ची होती, आणि तिकीट काढून कुणीही वर जाऊन विमानं बघत उभं राहायचं. पोरांनी माझ्याकडे असं बघितलं की काका, आता निवृत्ती घ्याच. एकाने विचारलं, "बघायचं तिकीट? मग बसायचं तिकीट वेगळं?" हो बाबा, वेगळं. आणि ते आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, म्हणूनच तर बघायचं तिकीट.

आताचं टर्मिनल १ म्हणजे तेव्हाचं सांताक्रूझ. इमारत १९५८ सालची. १९८१ च्या सुमारास सहारचं टर्मिनल उघडेपर्यंत देशातली आणि परदेशची सगळी विमानं इथेच. एरोब्रिज नावाची भानगड नव्हती. प्रवासी इमारतीतून बाहेर पडले की पायी किंवा बसने शिडीपर्यंत जायचे. चालताना सगळे पाठमोरे, त्यामुळे आपलं माणूस ओळखायचं ते साडीच्या रंगावरून नाहीतर चालीवरून. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जो तो थांबून वळायचा आणि हात हलवायचा. एवढ्या गर्दीत त्याला कोण दिसत असणार? पण गच्चीवरचे सगळे हात एकदम वर जायचे आणि प्रत्येक घराला वाटायचं की हा आपल्यालाच टाटा. मागचे लोक तोवर शिडीवर खोळंबलेले.

आम्ही मात्र कुणाला सोडायला नाही, नुसतेच जायचो. मी आणि धाकटा भाऊ. कठड्याचा लोखंडी पाइप दुपारच्या उन्हात इतका तापायचा की कोपर टेकवताना खाली रुमाल लागायचा. शाळेच्या जुन्या वहीत विमानांची नोंदणी-अक्षरं उतरवायची: व्हीटी म्हणजे भारत, पुढे तीन अक्षरं. 'व्हीटी-डी' म्हणजे जुनं, 'व्हीटी-ई' म्हणजे नवं, एवढं आम्ही आपलं आपण शोधून काढलं होतं आणि त्याचा भयंकर अभिमान होता.

कुणाकुणाला आठवतंय? लिहा भरपूर.

पार्ल्याचा_पोऱ्या

काय आठवण काढलीत! आम्हाला गॅलरीपर्यंत जायचीही गरज नव्हती म्हणा, विमानं घरी यायची. शाळेत विमान डोक्यावरून गेलं की मास्तर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि आवाज गेला की क्रियापदापासून पुढे. आम्हाला कर्ता आणि कर्म लक्षात ठेवून बसायची सवय लागली ती तिथेच.

गॅलरीत जायचो ते पाहुणे आले की. गावाकडून कुणीही आलं की राणीचा बाग, चौपाटी आणि सांताक्रूझ, ही यादी ठरलेली. पार्ले पूर्वेला उतरून चालत निघायचं. बिस्किटांच्या कारखान्याचा तो गोड भाजका वास पार करून पुढे गेलं की थोड्या वेळाने रॉकेलसारखा विमानाच्या इंधनाचा वास सुरू. वासावरून कळायचं किती चाललो ते. तो कारखानाही २०१६ ला बंद झाला.

तांत्रिक_पंत

धागा आवडत्या विषयावर आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आगाऊ माफी.

गच्चीवरचे आम्ही नेहमीचे लोक विमान बघायच्या आधी ऐकायचो. इंडियन एअरलाइन्सची व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि ॲव्रो ही तिन्ही विमानं दिसायला वेगळी, पण तिन्हींना इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं डार्ट. व्हायकाउंटला चार, बाकी दोघांना दोन-दोन. डार्टची शिट्टी अशी काही कर्कश असायची की जमिनीवर विमान नुसतं सरकत असलं तरी बोलणं थांबवावं लागायचं. शिट्टी ऐकली की डोळे मिटून सांगायचं, डार्ट. मग डोळे उघडून बघायचं: पंख खिडक्यांच्या वर असले तर फोकर, खाली असले तर ॲव्रो, आणि मोठ्या लंबगोल खिडक्या व चार पंखे म्हणजे व्हायकाउंट. ॲव्रो आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनायचं, त्यामुळे त्याच्याबद्दल आम्हाला जरा जास्त माया.

कॅराव्हेल १९६४ पासून. त्याची खूण खिडक्यांमध्ये. गोल नाही, चौकोनी नाही, कोपरे गोलावलेला त्रिकोण. दोन्ही इंजिनं शेपटीजवळ बुडाला चिकटवलेली, त्यामुळे पंख कसे मोकळे आणि स्वच्छ दिसायचे. माझ्या मते इतकं देखणं विमान पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आलंच नाही. तोंडाचा भाग ब्रिटिश कॉमेट विमानाचा जसाच्या तसा घेतलेला होता.

एअर इंडियाची बोइंग ७०७ आली १९६० मध्ये, आणि पहिल्या खेपेच्या त्या विमानांना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती. १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला, तोवर जगात फारशा कंपन्यांना ते जमलं नव्हतं. ७०७ उडालं की मागे काळ्या धुराचे चार पट्टे राहायचे आणि छातीत धडधड. आज असा धूर सोडला तर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येईल.

आणि ७३७, म्हणजे इंडियन एअरलाइन्सकडे सत्तरच्या सुमारास आलेलं जुनं २०० मॉडेल. इंजिन म्हणजे पंखाखाली एक लांबडी नळी. चाकं टेकली की त्या नळीचं मागचं टोक शिंपला उघडावा तसं दोन्हीकडे उघडायचं, आणि बाहेर पडणारा झोत त्यावर आपटून पुढच्या दिशेने वळायचा. त्यानेही विमान थांबायला मदत व्हायची. विमान उतरलं आणि मोडलं, असं ओरडणारं एखादं पोरगं दर रविवारी गच्चीवर असायचंच. आताच्या इंजिनांतही उलटा झोत असतो, पण तो बाजूच्या झडपांतून निघतो. बघण्यासारखं काही उरलं नाही.

सोनचाफा

पंत, तुमचीच वाट बघत होते. आईच्या जुन्या फोटोंतला एक चढवते आहे. कृष्णधवल. आई फ्रॉकमध्ये कठड्याला टेकून, डोळे उन्हाने बारीक. मागे डावीकडे विमानाची शेपटी आणि थोड्या खिडक्या, उजवीकडे लांबवर आणखी एक मोठं नाक. फोटोमागे शाईने 'सांताक्रूझ, आत्या' एवढंच. साल नाही. आई म्हणते सत्तर, मावशी म्हणते पंचाहत्तर. दोघीही मागे हटायला तयार नाहीत.

तांत्रिक_पंत

फोटो मोठा करून पाहिला. डावीकडच्या विमानाच्या खिडक्या नीट बघा. खाली रुंद, वर निमुळत्या. इंजिन बुडाला चिकटलेलं. म्हणजे कॅराव्हेल, म्हणजे १९६४ च्या आधीचा फोटो असूच शकत नाही.

उजवीकडच्या नाकावर वर कुबड आहे. ते जंबो, ७४७. एअर इंडियाचं पहिलं जंबो एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत आलं. सत्तर बाद. आणि सप्टेंबर १९७९ मध्ये तर टर्मिनलला आग लागली. तेव्हा फोटो १९७१ ते ७९ मधला धरायला हरकत नाही. आईसाहेबांचं जन्मसाल ठाऊक असेल तर पुढचं तुम्हीच काढाल.

सोनचाफा

आई १९६६ ची. फोटोत पुढचे दोन दात नाहीत! म्हणजे सात-आठ वर्षांची. आत्ताच आत्याला फोन केला. ती १९७४ ला लग्न होऊन नैरोबीला गेली होती, एअर इंडियाने. मावशी जिंकली, थोडक्यात. आई म्हणतेय खिडक्यांवरून कुणी वय काढतं का. खूप धन्यवाद पंत.

आज्जी_मालाडची

तुम्ही सगळे लहान आहात. मी पहिलं जंबो आलं तेव्हा नोकरीला होते.

'सम्राट अशोक' असं त्याचं नाव. १८ एप्रिल १९७१ ला आलं. त्या दिवशी नाही, पण पुढच्याच रविवारी ह्यांनी आणि मी गॅलरी गाठली. उभं राहायला जागा नाही. सगळ्या खिडक्यांना लाल महिरपी रंगवलेल्या, झरोक्यासारख्या. शेजारी ७०७ उभं होतं, ज्याला आम्ही आदल्या महिन्यापर्यंत केवढं मोठं म्हणायचो. ते बिचारं एकदम पोरासारखं दिसायला लागलं. ह्यांनी चाकं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. एका बाईंनी मोठ्याने विचारलं, "एवढ्या माणसांचं जेवण कुठे शिजवत असतील?" आणि आजूबाजूचे पुरुष हसले. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला होता, अजूनही वाटतो.

तेच विमान १ जानेवारी १९७८ ला रात्री दुबईसाठी उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं. एकही वाचलं नाही. पुढे चौकशीत आलं की कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, आणि बाहेर समुद्रावर काळोख, क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही. आमच्या ओळखीतलं कोणी नव्हतं. तरी घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. बघून आलेलं विमान होतं ना ते.

खिडकीवाला (धागाकर्ता)

आज्जी, नमस्कार. आमच्या वहीत त्याचं नाव होतं. व्हीटी-ईबीडी. भावाने त्या ओळीवर रेघ मारली तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो.

रत्नांग्रीकर

गच्चीवर मजा करणारे तुम्ही मुंबईवाले. आमच्याकडून लोक यायचे ते रडायला.

सत्तरच्या दशकात आमच्या भागातून आखातात जायची लाट आली. एक माणूस कुवेतला जाणार म्हणजे त्याला सोडायला आख्खा ट्रक. आई, बायको, तीन भाऊ, मशिदीतले दोघं, शेजारचा दुकानदार, आणि ज्याने पैसे उसने दिले तो हटकून. रात्रभर प्रवास करून पहाटे सांताक्रूझ. माझे चाचा गेले तेव्हा मी त्यांच्या भावाच्या खांद्यावर. बायका गॅलरीत बसून डबा सोडायच्या, कारण विमान चार तास उशिरा. तुम्ही इंजिनाचा आवाज ओळखायचा म्हणता, आमच्या घरच्या बायका रंग ओळखायच्या: हे कुवेतचं, हे सौदीचं, हे गल्फ एअरचं. वाचता येत नव्हतं त्यांनाही यायचं.

१९७९ च्या आगीनंतर तर आखाताच्या प्रवाशांसाठी तात्पुरतं बांधकाम काढलं, त्याला लोक गल्फ टर्मिनलच म्हणायचे. तिथून हात हलवायला गच्ची वगैरे काही नाही. दारात मिठी मारायची, पोलीस पुढे ढकलायचा, संपलं.

जुहूकर

त्यात एक गंमत राहिली. जपानचं एक मोठं विमान सांताक्रूझऐवजी आमच्या जुहूला उतरलं होतं! आमच्या आळीतले लोक बघायला धावले होते. १९७२.

दादर_टीटी

जुहूला चुकून उतरलेलं विमान इंग्लंडचं होतं हो, जपानचं नाही. वडील सांगायचे. आणि ते पन्नासच्या दशकात.

तांत्रिक_पंत

भांडू नका, दोन्ही बरोबर. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट, आणि २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८. दोघंही सांताक्रूझ समजून जुहूला उतरले.

नकाशा उघडा म्हणजे असं का होतं ते कळेल. समुद्राकडून पूर्वेला तोंड करून सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीकडे यायला लागलं की वाटेत आधी जुहू लागतं, आणि जुहूची धावपट्टीही जवळपास त्याच दिशेला. वैमानिकाला अपेक्षित दिशेला धावपट्टी दिसते, तो उतरतो. फक्त ती एक किलोमीटरपेक्षा थोडीच लांब आहे, आणि हे त्याला चाकं टेकल्यावर कळतं. कॉमेट नंतर हलकं करून तिथूनच उडवून नेलं. डीसी-८ मात्र पट्टी संपवून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. माणसं सगळी वाचली, हे नशीब.

जुहूकर

धन्यवाद पंत. दादरकर, आपण दोघंही पास.

जुहूचाच विषय निघालाय तर: १५ ऑक्टोबर १९८२ ला जेआरडी टाटा कराचीहून लहानसं लेपर्ड मॉथ विमान एकट्याने चालवत जुहूला उतरले, तेव्हा मी वडिलांबरोबर गेलो होतो. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ ला, त्यांनी त्याच मार्गाने टपाल आणलं होतं. वय ७८. गर्दीत मला दिसलं ते एवढंच, की एक बारीकसं विमान आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण होतो तिथे!

जरीमरी_कुर्ला

सगळा धागा वाचला. छान लिहिताय सगळे. पण तुम्ही तिकीट काढून जे बघायचात ते आमच्या पत्र्यावरून फुकट जायचं, दिवसरात्र. त्यावरही कुणीतरी लिहावं म्हणून लिहितोय.

मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणजे घाटकोपर, कुर्ल्याकडून येऊन धावपट्टी २७ वर. (२७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. शेवटचं शून्य सोडून देतात.) आमची वस्ती त्याच रेषेत. पोट दिसायचं विमानाचं, चाकांवरचं ग्रीस दिसायचं. म्हातारी आजी सुरुवातीला प्रत्येक वेळी खाली वाकायची, मग सवय झाली. टीव्ही आला तर विमान गेलं की चित्र थरथरायचं. क्रिकेटचा नेमका चेंडू जायचा.

पण खोटं कशाला बोलू, विमानं मलाही आवडायची. आमचा खेळ होता: पत्र्यावर झोपायचं, डोळे बंद, आणि विमान बरोबर डोक्यावर आलं की हात वर. चुकेल तो बाद. मोठी विमानं रात्री यायची, आई झोपा म्हणायची, आम्ही मोजायचो. फक्त गॅलरी म्हणून काही आहे आणि लोक तिथे पैसे देऊन जातात हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर ती बंद झाली होती.

पार्ल्याचा_पोऱ्या

भाऊ, सगळ्यात भारी प्रतिसाद. हा डोळे मिटून हात वर करायचा खेळ आम्ही का नाही शोधला?

आज्जी_मालाडची

जरीमरीकर, तुमच्या आजीबद्दल वाचून जीव कसनुसा झाला. आम्ही वरून टाळ्या वाजवत होतो. लिहीत राहा.

नवखी_स्पॉटर

मी पंचविशीतली, त्यामुळे गॅलरी फक्त तुमच्याकडून ऐकतेय. दोन प्रश्न: बंद का झाली? आणि इतके लोक जायचे तर फोटो इतके कमी का?

तांत्रिक_पंत

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधला तेरावा नियम: परवानगीशिवाय विमानतळावर फोटो काढायचा नाही. गच्चीवर कॅमेरा विमानाकडे वळला की शिट्टी वाजायची. म्हणून घराघरांतल्या फोटोंत माणसं मध्यभागी आणि विमानाचा नुसता तुकडा कडेला. सोनचाफांच्या आईचा फोटो तसाच आहे. फोटो काढणाऱ्याने विमान घ्यायचं ठरवूनच आईला बाजूला उभं केलं असणार, माझी पैज.

बंद होण्यामागे मुख्य कारण सुरक्षा. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' नावाचं फोकर श्रीनगरहून पळवून लाहोरला नेलं, आणि पुढची पंधरा वर्षं जगभर अपहरणांचीच. १९८५ ला एअर इंडियाच्या 'सम्राट कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट, १९८६ ला कराचीत पॅन ॲमच्या विमानाचं अपहरण, आणि ते मुंबईहूनच गेलेलं. उभ्या विमानापासून इतक्या जवळ, कुणीही पिशवी घेऊन यावं आणि कठड्याला टेकावं, हे कोणत्या अधिकाऱ्याला झेपणार? त्यात आंतरराष्ट्रीय विमानं सहारला गेली, म्हणजे गच्चीसमोरचा अर्धा खेळच हलला. दोष कुणाला द्यावा असं मला वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळं.

दादर_टीटी

मला एक वेगळंच वाटतं. सुरक्षा नसती तरी गॅलरी मेलीच असती. विमानात बसणं स्वस्त झालं तिथे ती संपली. जो वर्षातून दोनदा विमानाने जातो तो रविवारची दुपार विमान बघण्यात कशाला घालवेल?

खिडकीवाला (धागाकर्ता)

नाही पटत, दादरकर. मी आता कामासाठी महिन्यातून दोनदा उडतो. विमानात बसलं की विमान दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ आणि पंखाचा एक तुकडा. टर्मिनल २ ला तर गालिचा, कलाकृती आणि दुकानं यांतून विमानाच्या पोटात कधी गेलो ते कळत नाही. आपण कुठल्या विमानात बसलोय हे आजूबाजूच्या लोकांना विचारून बघा एकदा.

रेल्वे कित्येक पट स्वस्त आहे. पुलावर उभं राहून गाड्या बघणारी पोरं संपली का?

दादर_टीटी

पुलावर तिकीट नाही लागत. :)

बरं, मुद्दा अर्धा मान्य.

नवखी_स्पॉटर

काका, सध्याचं सांगू? आम्ही आठ-दहा जण आहोत. कुर्ल्याच्या बाजूला एका इमारतीच्या गच्चीवर, मालकाला सांगून. फोनवर ॲप उघडलं की कुठलं विमान, कुठून निघालं, किती उंचीवर, सगळं आधीच कळतं. तुम्ही कानांनी ओळखायचात, आम्ही ते दिसायच्या दहा मिनिटं आधी नावागावासकट ओळखतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरी डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं आणि उतरणं झालं. संध्याकाळी तर एक उतरतंय तोवर मागच्याचे दिवे दिसतात, त्याच्या मागे आणखी एकाचे.

पण खरं सांगू का, नव्वद टक्के विमानं दोनच जातींची. ए-३२० आणि ७३७ चे भाऊबंद. पंतांची यादी वाचून हेवा वाटला.

एक गोष्ट मात्र आमच्या वाट्याला आली. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटच्या काही जंबोंपैकी एक, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं. उडाल्यावर वैमानिकाने पंख डावीकडे झुकवले, मग उजवीकडे. आमच्यातल्या एकाला व्हिडिओ काढायचं सुचलंच नाही, तो हात हलवत बसला.

आज्जी_मालाडची

शाब्बास. तोच खरा गॅलरीवाला.

जरीमरी_कुर्ला

नवखीताई, ती गच्ची कुठली ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का? मुलाला आणतो. आणि एक विनंती, तुमच्या गटातल्या कुणालाही तिथे ड्रोन उडवू देऊ नका. विमानतळाजवळ बंदी आहेच, पण पोलीस आले की तुम्ही निघून जाता, चौकशी आमच्या वस्तीची होते.

नवखी_स्पॉटर

दादा, अजिबात नाही. ड्रोनवाल्याला आम्ही गटातच घेत नाही. निरोप पाठवलाय.

रत्नांग्रीकर

पंत, एक शंका बरीच वर्षं आहे. चाचांना सोडायला गेलो तेव्हा शेपटीजवळ चार इंजिनं असलेलं विमान होतं. चाचा म्हणायचे ते गल्फ एअरचं, अब्बा म्हणायचे रशियाचं. कोण बरोबर?

तांत्रिक_पंत

दोन्ही शक्य आहे, तीच तर पंचाईत. गल्फ एअरकडे त्या काळात ब्रिटिश व्हीसी-१० होती आणि एरोफ्लोटची इल्युशिन-६२ मुंबईत यायची. दोघांना शेपटीशी चार इंजिनं, दोघांची शेपटी इंग्रजी टी सारखी. लांबून फरक कळणं कठीण. पण इल्युशिनच्या पंखाच्या पुढच्या कडेला मध्येच एक खाच असते, व्हीसी-१० ची कड सलग.

आणि उभं असताना ओळखायची हमखास खूण: इल्युशिनच्या शेपटीखाली एक बारीक पाय खाली सोडलेला असायचा, त्याला छोटी चाकं. सगळं वजन मागे. माणसं आणि सामान उतरलं की विमान मागे टेकण्याची भीती. म्हणून उभं असलं की पाय खाली, निघताना वर.

रत्नांग्रीकर

पाय होता! नक्की होता. मी खांद्यावरून विचारलं होतं की ते शेपटीला चाक कशाला, आणि अब्बा म्हणाले होते, रशियावाले आहेत, कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, स्वतःच्या विमानावरही नाही.

म्हणजे अब्बा बरोबर. पण मग चाचा कुवेतला जायला रशियाच्या विमानात चढले तरी कसे?

तांत्रिक_पंत

चढले नसतील. शेजारी उभ्या असलेल्या विमानात चढले असतील, आणि तुम्ही बघत होता भलतंच. गॅलरीत निम्मे लोक हेच करायचे.